पोतं लावलं नव्हतं

कुणीही यावं, नवऱ्याचं नाव सांगावं आणि साळूबाईनं हातातलं काम न सोडता त्या नावाचा उखाणा करून द्यावा, असं शेवगावच्या त्या बाजूला ठरूनच गेलं होतं. लग्नसराईत बाया तिच्या ओट्यावर येऊन टेकत.

"साळूबाई, आमच्या सूनबाईला एक नाव द्या की."

"लेकाचं नाव काय म्हनलीस?"

"कानिफनाथ."

सुपातला खडा उचलून अंगणात फेकेपर्यंत कानिफनाथ एका ओळीच्या शेवटी जाऊन बसलेला असे.

शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. दुकानातून आलेल्या पुड्यांचे कागद चुलीत घालण्याआधी वाचून बघायची खोड लागली आणि त्यातूनच अक्षरं आली. त्यामुळे तिच्या उखाण्यांत दिल्ली असे, विमान असे. एकदा तर साबणाची जाहिरातही येऊन गेली होती. नवरीनं ती इतक्या गोड गळ्यानं म्हटली की वरमाय डोळे पुसायला लागली.

पण गुपित निराळंच होतं, आणि ते साळूबाई कुणाला सांगत नसे. तिच्याकडे साचे होते. पाडव्याच्या गाठ्या करणाऱ्याकडे असतात ना लाकडाचे, वरून पाक ओतला की खाली गाठी तयार, तसे. पहिल्या ओळीत काहीतरी भरलेलं, डवरलेलं, उतू जाणारं. दुसऱ्या ओळीच्या टोकाला नवऱ्याचं नाव. नाव 'रावा'नं संपलं तर एक साचा, 'नाथा'नं संपलं तर दुसरा. या मुलखात नवनाथांच्या कृपेनं नाथ काही कमी नाहीत, त्यामुळे तो दुसरा साचा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता. नाव आत पडलं की ओळ बाहेर. मध्ये साळूबाईला काही करावं लागत नसे. हे 'काही करावं न लागणं' म्हणजेच आपली हुशारी, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. लोकांचीही होती, म्हणून ती मोडायचं कारण पडलं नाही.

तिच्या बहिणीची मुलगी कडू. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिला कुणाची दृष्ट लागू नये, अगदी देवाचीसुद्धा, म्हणून कडू. नावानं काम केलं. कडू जगली, वाढली, लग्न होऊन तिकडं प्रवरेच्या पट्ट्यात, साखर कारखान्याच्या चाळीत नांदायला गेली. नवरा गहिनीनाथ कारखान्यात कामाला होता.

भाद्रपदात कडू माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. बारसं व्हायच्या आत गेली. बारशासाठी साळूबाईनं पाळण्याचं गाणं जुळवून ठेवलं होतं, नावाची जागा मोकळी सोडून. ती मोकळीच राहिली. लेकराची शेवटची अंघोळ साळूबाईनंच घातली, कारण बहिणीचे हात चालेनात.

मग ऊसतोडीचा हंगाम आला आणि कडूचे आईबाप टोळीबरोबर निघून गेले. दु:ख झालं म्हणून टोळी थांबत नाही. मागं राहिलेली कडू दिवसभर एकाच जागी बसायची. पौषात तिच्या सासूचा, लंकाबाईचा निरोप आला की आता सुनेला आणून सोडा. साळूबाईनं साडी-चोळी घेतली, शेवया घेतल्या, तीळगूळ घेतला आणि भाचीला घेऊन एस्टीत बसली.

घोडेगावला गाडी बदलली. बैलबाजाराचा दिवस. गाडीत दावी, घुंगुरमाळा, कासरे यांचीच गर्दी. बैल तेवढे खाली राहिले होते. खिडकीला टेकलेली कडू केव्हाची पुटपुटत होती. साळूबाईनं कान लावला.

"काय गं? देवाचं म्हनतीस का काय?"

"न्हाई मावशी. दारात नाव घ्यावं लागंल ना. सासूबाई आडवतील. त्येच जुळवीत हुते."

"आगं, मी आस्ताना तू कशापायी डोकं शिनवतीस! बरं, म्हन बघू."

कडू खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "रिकाम्या हातानं आले. गहिनीनाथाचं नाव घेते..."

"थांब, थांब." साळूबाईला हसूच फुटलं. "ह्याला नाव म्हनत्यात व्हय? ना ताल ना तोल. आन रिकाम्या हातानं कोन येतं गं? ही येवढी पिशवी कशाची हाय मग? शेवयाच धाच्या धा शेर भरतील!"

पुढच्या बाकावरचा एक बैलवाला मागं वळून हसला. साळूबाईला चेव आला. त्याच्या बायकोला म्हणून तिनं तिथंच त्याच्या नावाचा एक उखाणा करून दिला. सगळी गाडी "वा बाई!" म्हणाली. कडूचं पुटपुटणं थांबलं ते थांबलंच.

राहुरी मागं पडली. देवळालीच्या अलीकडं दोन्ही अंगांना ऊस उभा होता. साळूबाई तोंडाचा आ करून बघत राहिली. आमच्याकडं कुसळ उगवायची मारामार, आणि इथं पाणी रस्त्यावर सांडतंय.

गहिनीनाथ कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. पाळीवरून तासाभराची सुटी काढून आला होता. त्यानं साळूबाईला वाकून नमस्कार केला, कडूकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "जेवलात का?"

"व्हय, भाकरी हुती संगं."

"गाडीला गर्दी आसंल."

"लई."

"जेवलात ना पन?"

साळूबाई मनात म्हणाली, जावई भोळा आहे. कडू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. गहिनीनाथ एकदम म्हणाला, "चला, कारखाना दावतो. नवं मशीन आलंय." आणि दोघींना घेऊन आत गेला. हंगामात पावणेरावळे कारखाना बघायला येतच. मुकादमानं नुसती मान हलवली.

उसाच्या मोळ्या, रसाचा वास, भट्टीची धग, सगळं ओलांडून तो त्यांना साखरेच्या गोदामाकडं घेऊन आला. तिथं ते मशीन होतं. वर भला मोठा डबा, खाली नळ. एक माणूस नळाला रिकामं पोतं लावायचा. खट् आवाज व्हायचा, साखर सोसाट्यानं खाली यायची आणि वजन भरलं की आपली आपण थांबायची. भरलेलं पोतं पुढं, नवं पोतं खाली.

"कुनी तोलतं?" साळूबाईनं विचारलं.

"कुनीच न्हाई. त्येचं त्येच. आपोआप."

"आगं माझे बाई! लईच शानं दिसतंय."

एवढ्यात पोतं लावणाऱ्या माणसाला शिंक आली. एक, मग दुसरी. तोंड बाजूला करून तो शिंकत राहिला आणि मशीननं खट् केलं. खाली पोतं नव्हतं. पोतंभर साखर सोसाट्यानं फरशीवर आली, पांढरा ढीग झाला, आणि वजन भरल्यावर मशीन अगदी वेळेवर, काही झालंच नाही अशा थाटात थांबलं.

"आरं आरं आरं!" साळूबाई पदर पसरून धावली. साखर वाया जाताना तिनं जन्मात पाहिली नव्हती. "त्येला दिसलं न्हाई का रं?"

माणसं हसली. गहिनीनाथही हसला, पण थोडंसंच.

"दिसंल कसं मावशी? त्येला डोळं कुठं हायेत. ठरवून दिलंय तेवढं ते करतं. पोतं आसू दे, नसू दे. खाली मानूस झोपला तरी त्येच्या डोक्यावर साखर वतंल, आन मापात वतंल." बोलायला विषय सापडल्यामुळे त्याला बरं वाटत असावं. "आमचं इंजिनेर सायेब पुन्याला कसलं भाषान ऐकून आलेत. ते म्हनत्यात, परदेशात निराळंच मशीन करायलेत. ते आदी बघनार, खाली काय हाय. पोतं न्हाई? मंग थांबनार. फाटकं हाय? मंग कमी सोडनार. आन एकदा चुकलं की त्यातनं शिकनार. सायेब म्हनत्यात, आपोआप चालनं येगळं आन समजून चालनं येगळं."

"सायबानं बघितलंय का ते?"

"न्हाई. पन हुनार म्हनत्यात. आमच्या नातवंडांच्या..." तो तिथंच थांबला. कडू साखरेच्या ढिगाकडे बघत होती. "जेवलात ना तुमी?" तो म्हणाला.

साळूबाईचं लक्ष भलतीकडंच होतं. "कशाला परदेशात जायाला पायजे," ती ऐटीत म्हणाली, "तसलं मशीन म्हंजे मीच की! नाव टाका, उखाना घ्या. इचारा कडूला."

गहिनीनाथाची सुटी संपली होती. "भोंगा झाला का येतोच," असं सांगून त्यानं चाळीची वाट दाखवली.

नावांची साळूबाई येणार ही बातमी चाळीत आधीच पोचली होती. दारासमोर बायांचा घोळका जमला होता. पुढं होती शेजारीण आक्काबाई. चाळीत काहीही घडलं तरी पुढं तीच असायची. दारात लंकाबाई उभी. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. सून बऱ्याच दिवसांनी घरी येते तेव्हा तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही. रीतच ती.

लंकाबाईनं सुनेकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहरा करडा होता.

"घ्या नाव," आक्काबाई म्हणाली. "मावशीकडनं चांगलं पाठ करून आनलं आसंल."

कडू उभी राहिली. ओठ उघडले, मिटले. पुन्हा उघडले.

"लाजती काय! पयल्यांदा आलीस व्हय?"

"आवो साळूबाई, तुमी तर सांगा! आमी काम टाकून आलोय तुमचं ऐकाया."

साळूबाईला घोळक्याचे डोळे आपल्यावर आलेले जाणवले. आपली भाची नाव घेता येत नाही म्हणून दारात अडते, आपल्या देखत! तिनं खाकरून घसा साफ केला. आत गहिनीनाथ पडला. खट् झालं.

"लेकुरवाळ्या केळीला घड आले सात,
भरल्या ओटीनं घरात येते, धनी गहिनीनाथ!"

मापात, ठसक्यात, शेवटचा 'नाथ' छान लांबवून.

मागं कुणीतरी सवयीनं "वा" म्हणायला सुरुवात केली आणि ती "वा" तिथंच मेली. आक्काबाईचं तोंड उघडंच राहिलं. लंकाबाईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्याच पायावर सांडलं.

साळूबाईला अजून कळलं नव्हतं. ती कौतुकाची वाट बघत उभी होती. मग तिनं कडूकडे पाहिलं. कडू रडत नव्हती. ती आपल्या पदराकडे बघत होती, ओटीत काही आहे की काय ते खरंच तपासत असल्यासारखी. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं, वळली, आणि चाळीच्या नळाशी जो धुण्याचा दगड होता त्यावर जाऊन बसली.

"कडू, आगं..."

"मी न्हाई येत आत."

तेव्हा साळूबाईला आपली ओळ ऐकू आली. आपल्याच तोंडून निघालेली, पण आत्ता पहिल्यांदाच ऐकलेली. लेकुरवाळ्या. भरल्या ओटीनं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, गळा तापला, पायाखालची फरशी तापल्यासारखी झाली. कुठं बघावं कळेना. बायांकडं बघवेना, लंकाबाईकडं तर नाहीच. ती हातातल्या पिशवीकडं बघू लागली. शेवया.

"तुमच्या ध्यानात नव्हतं का वो?" लंकाबाईनं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

'नव्हतं' म्हणणं सोपं होतं. म्हातारपण आलंय, इसरले, माफ करा. बायांनी चटकन धरूनही घेतलं असतं. पण विसरली कुठं होती? त्या लेकराचं अंग तिच्या तळहातांना अजून आठवत होतं.

"हुतं," साळूबाई म्हणाली. "ध्यानात हुतं. तोंडाला पत्ता नव्हता."

आक्काबाई शेजारणीला म्हणाली, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लई नाव ऐकलं हुतं बाई."

घोळका पांगला नाही. अशा वेळी पांगत नसतो. साळूबाई नळाकडं गेली. कडूच्या शेजारी बसायचा धीर होईना, म्हणून उभीच राहिली. चुकलं म्हणावं, पोरीचं मन वळवावं, काहीतरी चांगलं द्यावं, म्हणून तिनं तोंड उघडलं.

"दारी हाय वृंदावन, त्येला घालते पानी, भरला..."

तिनं तोंडावर हात दाबला. पुन्हा 'भरला'. तिसरं काही शोधायला गेली तर तिथंही काहीतरी उतू जात होतं. उभ्या जन्मात जमवलेल्या सगळ्या साच्यांत एकही रिकाम्या ओटीचा नव्हता. तिच्या डोळ्यांपुढं तो फरशीवरचा पांढरा ढीग आला, आणि त्याच्यामागं वेळेवर थांबलेलं, डोळे नसलेलं शहाणं मशीन. 'तसलं मशीन म्हंजे मीच की.' गहिनीनाथ तेव्हा काही बोलला नव्हता. सासुरवाडीचा मान ठेवला होता पोरानं.

ती गप्प बसली. साळूबाईला गप्प बसलेलं तिच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं, तिला स्वत:लाही ते नवीनच होतं. तोंड मिटलं की डोळे चालू होतात, असं काहीतरी झालं. कडूचे हात तिला दिसले. मांडीवर पालथे न ठेवता उताणे ठेवले होते, ओंजळ सुटल्यासारखे. हे हात गाडीतही असेच होते का? बहुतेक असेच होते. आपण शेवया मोजत होतो.

भोंगा झाला. फाटकातून पाळी सुटली. गहिनीनाथ चाळीच्या तोंडाशी आला आणि दारातला घोळका, नळाशी बायको, तिच्या पुढ्यात मान खाली घालून उभी मावशी असं सगळं पाहून थबकला. त्याच्या सदऱ्यावर साखरेची भुकटी होती. दोन्ही हात बाजूला लोंबत होते. काय झालं हे त्यानं कुणाला विचारलं नाही. तो कडूजवळ आला, तोंड उघडलं, आणि साळूबाईला वाटलं आता हा पुन्हा जेवलात का विचारणार. विचारलं नाही त्यानं. नुसता उभा राहिला.

"कडू," साळूबाई म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना. "गाडीत तू जुळवीत हुतीस ते. मी पुरं ऐकलंच न्हाई. पुढं काय हुतं गं?"

कडूनं मान हलवली. "त्येला ताल न्हाई मावशी."

"नसू दे."

नळ ठिबकत होता. कडू उठली. नवऱ्याकडे तिनं त्या दिवसात पहिल्यांदा नीट पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. दारापाशी गेली. घोळका आपोआप बाजूला झाला. उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली,

"रिकाम्या हातानं आले. गहिनीनाथाचं नाव घेते. त्येंच्याबी हातात काय न्हाई."

ना यमक, ना ठसका. ओळ संपली हेसुद्धा बायांना लगेच कळलं नाही. मागं, नळाशी, गहिनीनाथानं तोंड फिरवलं आणि उगीचच नळ घट्ट करू लागला.

लंकाबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळला. एकदा, दोनदा, मग किती वेळा ते तिलाही कळेना. तांब्यात उरलेलं पाणी सुनेच्या पायांवर घातलं. "ये," म्हणाली. "ये बाई." आणि कडू उंबरा ओलांडून आत गेली.

साळूबाई बाहेरच होती. पिशवी आक्काबाईजवळ द्यावी, परतीची गाडी धरावी आणि वाटेत घोडेगावला कुणी ओळखीचं भेटू नये, एवढीच तिची इच्छा होती. तिनं पिशवी पुढं केलीही.

"तुमी कुठं निघालात?" लंकाबाई पुन्हा दारात आली होती. "रीत हाय. पावनी आली तर तिनंबी घ्यावं लागतंय. घ्या नाव आन या आत."

कुणी हसलं नाही. चेष्टा नव्हती ती. का होती, लंकाबाईच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. साळूबाई चपला काढून उंबऱ्याशी आली. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात कितीदा घेतलं असेल! दर वेळी ते एका टोकाला बसवलं होतं, कधी विमानाच्या, कधी दिल्लीच्या. घरी तो आता ओसरीत बसला असेल. सकाळी निघताना म्हणाला होता, 'पोरीला जपून ने,' आणि ती 'ते मला शिकवू नका' म्हणाली होती.

"सहादेवाचं नाव घेते," ती म्हणाली.

बाया वाट बघत राहिल्या. आत साचे होते, सगळे होते, जिथल्या तिथं. तिनं एकालाही हात लावला नाही. दुसरं काही तिला येत नव्हतं. ती चपला हातात धरून तशीच उभी राहिली, शाळेत न गेलेल्या बाईला पहिल्यांदा फळ्यापुढं उभं केल्यासारखी.

"पुढं?" आक्काबाईनं विचारलं.

"पुढं अजून येत न्हाई."

लंकाबाईनं तिच्या हातातली शेवयांची पिशवी घेतली आणि दारातून जरा बाजूला सरकली.

"पुरं येवढं," ती म्हणाली. "या. चपला बाहीरच ऱ्हाऊ द्या."